जुना ट्रॅक्टर घेताना : पारख आणि योग्य किंमत

पंचेचाळीस अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घ्यावयाचा म्हटले तर आज सात लाख रुपयांच्या आसपास रक्कम उभी करावी लागते. नांगर, रोटाव्हेटर व ट्रॉली यांचा खर्च त्याहून वेगळा. त्यामुळे पाच-दहा एकर जमीन असलेले बरेच शेतकरी जुन्या ट्रॅक्टरकडे वळतात. यात गैर काहीच नाही. नीट सांभाळलेला ट्रॅक्टर मालक बदलला तरी पुढे कित्येक वर्षे बिनतक्रार काम देतो. अडचण येते ती निवड करताना. 'मॉडेल कोणत्या सालचे?' या एकाच प्रश्नावर बहुतेक सौदे ठरतात आणि रंगरंगोटी केलेला, अलीकडच्या सालचा ट्रॅक्टर जास्त भाव खाऊन जातो. वास्तविक ट्रॅक्टर किती वर्षांचा आहे, यापेक्षा तो कोणते काम किती तास करून आला आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. या लेखात ते कसे ओळखावे व त्यावरून किंमत कशी बांधावी, याची माहिती दिली आहे.

फसगत झाली तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात व्हावी अशी शिफारस आहे. या महिन्यात पाऊस उघडून भारी जमिनीला वापसा आला की तो मोजकेच दिवस टिकतो. नेमक्या त्या दिवसांत क्लच गेला आणि ट्रॅक्टर आठवडाभर गॅरेजमध्ये अडकला, तर ओल उडून जाते व पेरणी साधत नाही. क्लचचा खर्च पुढच्या हंगामात भरून काढता येईल. वाया गेलेला वापसा परत मिळत नाही.

याच कारणासाठी पेरणी तोंडावर आली असताना ट्रॅक्टर शोधण्यास निघू नये. त्या वेळी भाव चढे असतात व तपासणीस सवड नसते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की उन्हाळ्यात बरेच ट्रॅक्टर विक्रीस येतात. निवडीस वाव असतो आणि घेतलेला ट्रॅक्टर खरिपापूर्वी दुरुस्त करून घेण्यास वेळही मिळतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगणे योग्य होईल. दोन-तीन एकर जमीन असून बाहेर भाड्याने काम करण्याचा विचार नसेल, तर जुना ट्रॅक्टरसुद्धा परवडत नाही. समजा, तीन लाखांना घेतलेला ट्रॅक्टर पाच वर्षे वापरून दीड लाखाला विकला, तर वर्षाला ३०,००० रुपये घसारा झाला. सरासरी गुंतलेल्या सव्वादोन लाखांवर दहा टक्के दराने २२,५०० रुपये व्याज धरावे लागते. म्हणजे ट्रॅक्टर गोठ्यापुढे नुसता उभा राहिला तरी वर्षाला ५२,५०० रुपये खर्च आहेच. विमा व दुरुस्ती वेगळी. आपल्या गावच्या भाड्याच्या दराने वर्षभराची मशागत किती रुपयांत होते, ते यापुढे मांडून पाहावे.

मागील काम ओळखण्याच्या खुणा

विकणारा माणूस 'ट्रॅक्टर फक्त घरच्या शेतीला वापरला' असेच सांगतो. त्यावर वाद घालत बसू नये. ट्रॅक्टरच्या अंगावरच्या खुणा वाचाव्यात.

ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात सर्वांत जास्त विक्रीस येतो. दोन ट्रॉल्या भरून रस्त्याने सतत ओढल्यामुळे क्लच, ब्रेक, मागील आसाचे बेअरिंग व वरचे गिअर यांची झीज होते. अशा ट्रॅक्टरचे हुक आधी पाहावे. पिनचे भोक लांबट झालेले असते, हुकाच्या पट्टीवर वेल्डिंगचे थर असतात, ती जेथे बसते तेथील बोल्ट बदललेले दिसतात. मागील टायरच्या नक्षीचा मधला भाग रस्त्यावर घासून गुळगुळीत होतो आणि कडेची नक्षी शिल्लक राहते. उलट, खालच्या ओढदांड्यांच्या टोकांचे गोल बुश व पिना जवळजवळ कोऱ्या असतात, कारण नांगर किंवा रोटाव्हेटर त्यांना फारसा लागलेलाच नसतो. हुक झिजलेले आणि ओढदांडे कोरे, अशी जोडी दिसली की घरच्या शेतीची गोष्ट खरी मानू नये. असा ट्रॅक्टर घेऊच नये असे मात्र नाही. एका लयीत चाललेले इंजिन पुष्कळदा चांगल्या अवस्थेत असते. मात्र क्लच व ब्रेकचा खर्च धरूनच भाव करावा.

भात पट्ट्यात, म्हणजे कोकणात किंवा भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत, चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचा शत्रू पाणी हा असतो. पुढच्या चाकांच्या हबमध्ये, मागील आसाच्या सीलमधून आणि ब्रेकच्या घरात चिखलपाणी शिरते. मडगार्डच्या आतील बाजूस लोखंडी केजव्हील घासल्याचे ओरखडे, रिमच्या आतील गंज आणि गिअरपेटीच्या तेलाला आलेला दुधाळ रंग या त्याच्या खुणा होत. तेल दुधाळ असेल तर पाणी किती दिवस आत होते हे कोणी सांगू शकत नाही. अशा गिअरपेटीबाबत फार सावध राहावे.

द्राक्ष व डाळिंब बागांतील लहान ट्रॅक्टर दिसायला नीटनेटके असतात. मात्र ब्लोअरच्या फवारणीमुळे त्यांचा पीटीओ अनेक तास चाललेला असतो. बोर्डो मिश्रणातील मोरचूद वायरिंगची टोके, पत्रा व रेडिएटरच्या पाकळ्या खातो. वायरच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसल्यास ट्रॅक्टर फवारणीतला आहे हे नक्की समजावे.

मळणी यंत्र किंवा विहिरीच्या कामाचा कॉम्प्रेसर चालविणारा ट्रॅक्टर जागेवर उभा राहून तासन् तास चालतो. त्याचे टायर नव्यासारखे आणि इंजिन थकलेले असते. पुढे लोडर लावलेला असेल तर पुढचा आस, किंगपिन व स्टिअरिंगवर अतिरिक्त भार आलेला असतो. लोडर काढून टाकला तरी बाजूच्या सांगाड्यावरील रिकामी भोके व घासलेला रंग त्याची साक्ष देतात.

तास मोजणारे मीटर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरवर बंद असते किंवा बदललेले असते. यांत्रिक मीटर घड्याळासारखे चालत नाही, ते इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते. कमी फेऱ्यांवर ते हळू सरकते. त्यामुळे चालू मीटरवरही पूर्ण विसंबू नये. मालकाशी गप्पा मारताना शेती किती एकर, भाड्याचे काम किती, वर्षाला डिझेल किती लागते, हे सहज विचारावे. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मिश्र कामात तासाला सरासरी चार ते पाच लिटर डिझेल लागते असे धरले, तर वर्षाला २,००० लिटर म्हणजे ४०० ते ५०० तास काम झाले. पेट्रोल पंपावर खाते असेल तर ही उधारीची वही मीटरपेक्षा खरे बोलते.

इंजिनाची तपासणी

ट्रॅक्टर पाहण्यास सकाळी जावे व आपण येईपर्यंत तो सुरू करू नये, असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून पाहावा. गरम लागले तर काही तरी लपविण्यासाठी आधीच चालवून ठेवले आहे असा संशय घेण्यास जागा आहे.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. डिपस्टिक काढून तेल पाहावे. ते काळे असणे हा दोष नाही, डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडतेच. दुधाळ किंवा कॉफीच्या रंगाचे तेल म्हणजे आत पाणी आले आहे. तेल अगदी नवे व नेहमीपेक्षा घट्ट वाटत असेल तर तेही चांगले लक्षण नाही. धूर व आवाज दबावा म्हणून विक्रीपूर्वी जाड तेल भरण्याची युक्ती जुनी आहे.

यानंतरची तपासणी फार थोडे लोक करतात, पण माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सैल करून आत बोट फिरवावे. बोटाला स्वच्छ काळसर ओशटपणा लागला तर ठीक. माती किंवा बारीक धूळ लागली तर त्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे. आपल्याकडील मशागत कोरड्या मातीत होते, रोटाव्हेटरमागे तर धुळीचा लोट असतो. फुटका पाइप, सैल क्लिप किंवा न बदललेला फिल्टर यांतून गेलेली धूळ लायनर व रिंगांना काचपावडरीप्रमाणे घासते. बाहेरचा रंग कितीही नवा असला तरी या पाइपाच्या आत कोणी रंग लावत नाही.

आता ट्रॅक्टर सुरू करण्यास सांगावे. चांगले इंजिन दोन-तीन झटक्यांत सुरू होते. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो व मिनिटभरात जातो, त्याची चिंता नको. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेडमध्ये दोष असू शकतो. पाणी कमी न होता पांढरा धूर व डिझेलचा वास येत असेल तर नोझलकडे लक्ष द्यावे. भार पडताच येणारा काळा धूर बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या फिल्टरचा असतो व तो दुरुस्त होण्यासारखा असतो. निळा धूर हा वाईट. तो इंजिन तेल जाळत असल्याचे सांगतो.

इंजिन चालू असताना ब्रीदरच्या नळीपुढे तळहात धरून पाहावा. हलका श्वास जाणवला तर हरकत नाही. ठोक्याठोक्याला जोराचा फुत्कार येऊन हाताला तेलाचे थेंब लागत असतील तर रिंग व लायनर झिजले आहेत. असे इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नसते. अर्धा तास कामावर चालवून गरम झाल्यानंतर, कमी फेऱ्यांवर तेलाच्या दाबाचा काटा कोठे राहतो हेही पाहावे. थंड असताना बहुतेक इंजिनांचा काटा चांगलाच दिसतो.

हेडच्या बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा असतील, जोडांतून सिलिकॉन बाहेर आलेले दिसेल तर इंजिन उघडलेले आहे. इंजिन काम झाले असणे हा दोष नव्हे. कोणते भाग बदलले, लायनर-पिस्टन टाकले की नुसत्या रिंगा, क्रँक घासून घेतला का, हे विचारून बिले पाहावीत. बिले नसतील तर 'इंजिन नवे आहे' या शब्दाला किंमत देऊ नये.

पन्नास अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले. त्यानंतरच्या अशा ट्रॅक्टरवर इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. तेथे वरील तपासणीबरोबरच कंपनीच्या केंद्रात संगणकावर दोष तपासून घेणे इष्ट ठरते.

चालवून पाहावयाच्या गोष्टी

ट्रॅक्टर रिकामा रस्त्यावर फिरवून काही समजत नाही. नांगर किंवा रोटाव्हेटर लावून शेतात चालवावा व शक्य झाल्यास भरलेली ट्रॉली ओढून पाहावी.

क्लचसाठी मोकळ्या, सपाट जागेत, पुढेमागे कोणी नसताना, ब्रेक दाबून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. इंजिन चालूच राहिले आणि जळका वास आला तर प्लेट गेली आहे. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्याने चांगला क्लचही बिघडतो. उतारावर भार असताना गिअर आपोआप निसटतो का हे पाहावे. निसटत असेल तर गिअरपेटी उघडावी लागेल, हा मोठा खर्च आहे. डावा व उजवा ब्रेक आधी वेगळा आणि मग दोन्ही जोडून तपासावा. जोडल्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढू नये.

पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड आवाज आला तर किंगपिन किंवा हबचे बेअरिंग सैल आहे. डावी-उजवीकडे हलवल्यावर ढिलाई जाणवली तर टायरॉडची टोके गेली आहेत. हे भाग तुलनेने स्वस्त आहेत. पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलेला मालक तेल व फिल्टरकडे लक्ष देत असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

हायड्रॉलिक लिफ्टची परीक्षा सुरुवातीस न करता शेवटी, तेल चांगले गरम झाल्यावर करावी. थंड घट्ट तेलावर झिजलेला पंपही अवजार उचलतो. गरम, पातळ झालेल्या तेलावर तो रेंगाळतो. जड अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करावे. ते दहा-पंधरा मिनिटांतच जमिनीला टेकले तर आतील सील किंवा व्हॉल्व्हमधून गळती आहे. या वेळी अवजाराखाली किंवा त्यावर कोणी उभे राहू नये. पीटीओ बंद असताना त्याचा दांडा हाताने हलवून पाहावा, दात्यांची झीज पाहावी. चालू पीटीओजवळ धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर येणार नाही याची काळजी घ्यावी. असे अपघात जीवावर बेततात.

मागील टायरची नक्षी सर्वजण पाहतात, टायरचे वय मात्र पाहत नाहीत. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ३२१७ म्हणजे २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातील टायर. उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या टायरला नक्षी भरपूर असूनही बाजूने चिरा पडलेल्या असतात आणि भार पडला की तो फुटतो.

या सर्व तपासणीसाठी आपल्या विश्वासातील मिस्त्री बरोबर न्यावा. सौदा होवो वा न होवो, त्याची दिवसाची मजुरी ठरवून द्यावी. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील, तर त्याला प्रत्येक ट्रॅक्टर बरा दिसू लागतो.

किंमत कशी बांधावी

किंमत ठरविताना मालकाने ट्रॅक्टर किती रुपयांना घेतला होता हे धरून चालू नये. त्याच ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरची आजची किंमत धरावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, ट्रॅक्टरचे टायर व अनेक सुटे भाग यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरली पाहिजे. विकणारा आपल्या जुन्या पावतीवर बोट ठेवतो, तेव्हा हे सांगावे.

शेती अवजारांच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य सामान्यतः १० वर्षे किंवा १०,००० तास व अखेरचे मोडीचे मूल्य नव्या किमतीच्या १० टक्के धरतात. नव्याची किंमत ७,००,००० रुपये धरली, तर मोडीचे ७०,००० वजा जाता ६,३०,००० रुपये झिजावयाचे आहेत. म्हणजे वर्षाला ६३,००० रुपये किंवा तासाला ६३ रुपये.

आता समजा, एकाच ताकदीचे दोन ट्रॅक्टर आपल्यापुढे आहेत. पहिला सहा वर्षांचा, नवा रंग दिलेला, ऊस वाहतुकीतला आहे. त्याने हंगामाचे १४० दिवस रोज १० तास, म्हणजे वर्षाला १,४०० तासांप्रमाणे ८,४०० तास काम केले आहे. दुसरा नऊ वर्षांचा, एकाच मालकाचा, घरच्या शेतीत वर्षाला ४५० तास चाललेला. त्याचे ४,०५० तास झाले. वर्षांच्या हिशेबाने पहिल्याची किंमत ३,२२,००० व दुसऱ्याची १,३३,००० रुपये येते. तासांच्या हिशेबाने पहिल्याची १,७०,८०० व दुसऱ्याची ४,४४,८५० रुपये येते. एकट्या वर्षांवर किंवा एकट्या तासांवर किंमत ठरविणे योग्य होणार नाही. काम केले नाही तरी रबर, सील व वायरिंग वयाने खराब होतात. म्हणून दोन्हींची सरासरी घ्यावी. ती पहिल्याची २,४६,४०० आणि दुसऱ्याची २,८८,९२५ रुपये होते. तीन वर्षांनी जुना ट्रॅक्टर चाळीस हजारांहून अधिक मोलाचा ठरतो. बाजारात मात्र यांचे भाव नेमके उलटे सांगितले जातात.

यातून लगेच करावा लागणारा खर्च वजा करावा. पहिल्याला मागील टायरजोडी ४०,०००, क्लच १८,००० आणि ब्रेक व हुकाचे काम १२,००० रुपये लागेल असे धरू. नवे टायर आपल्याकडे पुढे बरीच वर्षे चालणार असल्याने त्यांचा अर्धाच खर्च मालकावर टाकणे न्याय्य होईल. तेव्हा वजावट ५०,००० व किंमत १,९६,४०० रुपये. दुसऱ्याचे टायर चिरलेले, बॅटरी ७,०००, नळ्या व सील ५,००० रुपये. वजावट ३२,०००, किंमत २,५६,९२५ रुपये. खर्चाचे हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात आपल्या तालुक्याच्या दुकानातून व गॅरेजमधून दर काढून आणावेत आणि कागदावर मांडूनच सौद्याला बसावे. तोंडी घासाघीस करताना जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो, कागद पुढे असला की बोलणे आपोआप खाली येते.

फायनान्स कंपनीने थकबाकीसाठी ओढून आणलेले ट्रॅक्टर लिलावात स्वस्त मिळतात. तेथे 'आहे त्या स्थितीत' हीच अट असते, शेतात चालवून पाहू देत नाहीत. आवारात उभे असताना चांगली बॅटरी व टायर बदलले गेल्याची उदाहरणेही आढळतात. इंजिन कामाचा खर्च गृहीत धरूनच तेथे बोली लावावी. कर्ज काढून जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, जुन्या ट्रॅक्टरवरील कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्यापेक्षा जास्त असतो. शासनाचे यांत्रिकीकरणाचे अनुदानही नव्या ट्रॅक्टरसाठी असते. आपण अनुदानास पात्र असल्यास दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहावेत.

कागदपत्रे

नोंदणी पुस्तकावरील चेसिस व इंजिन क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा नव्याने ठोकल्याच्या खुणा असतील तर तेथूनच परत फिरावे. कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना हरकत दाखला व नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. ट्रॅक्टर दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतील किंवा परराज्यातील असल्यास नमुना २८ प्रमाणे तेथील ना हरकत प्रमाणपत्रही लागते. परराज्यातून आलेल्या स्वस्त ट्रॅक्टरबाबत हा कागद 'मागाहून देतो' असे सांगतात. तो हाती आल्याखेरीज व्यवहार करू नये. नोंदणीची मुदत १५ वर्षे असते व नंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या ट्रॅक्टरमध्ये तोही खर्च धरावा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे पुस्तक वेगळे मागून घ्यावे. ट्रॅक्टर अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत न विकण्याची अट घातली आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे.

नाव बदलण्यात चालढकल करू नये, आणि आपला ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी तर मुळीच करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेल्या निर्णयानुसार, ट्रॅक्टर हातोहात कितीही जणांकडे गेला तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. स्टँप पेपरवरील विक्रीचा करार तेथे उपयोगी पडत नाही. नावाबरोबर विमाही आपल्या नावावर करून घ्यावा.

ट्रॅक्टर घरी आणल्यावर इंजिनाचे तेल, तेलाचा व डिझेलचा फिल्टर आणि एअर फिल्टर लगेच बदलावेत. जुने तेल किती तासांचे होते याचा कोणताही भरवसा नसतो. गिअरपेटीचे तेल काढून पाहावे व रंग संशयास्पद असल्यास तेही बदलावे. त्या दिवशीची तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. पन्नास तास काम झाल्यावर इंजिनातील थोडे तेल काढून पांढऱ्या कापडावर गाळून उन्हात धरावे. कापडावर तांब्याच्या रंगाचे चमकणारे कण दिसले तर बेअरिंग झिजू लागली आहेत. अशा वेळी हंगाम सुरू होण्याची वाट न पाहता मिस्त्रीला बोलावून इंजिनाचे चेंबर उघडावे. या टप्प्यावर बेअरिंग बदलून भागते, क्रँक खराब झाल्यावर खर्च कितीतरी पट वाढतो.